समोरचा डाव का सोडत नाही?

आज अवकाशातल्या व्हिडिओ गेमबद्दल बोलायचं आहे. त्यात दोन मोठी घराणी. एकात तुम्ही आख्खं साम्राज्य चालवता, तो स्ट्रॅटेजी गेम. दुसऱ्यात एकच माणूस होऊन जगता, तो रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी. या दोन्हींवर माझी कितीतरी वर्षं गेली, त्यातली बहुतेक चेन्नईत. दोन्हींबद्दल माझी तक्रारही आहे, पण ती नेमकी काय हे मला बरेच दिवस सांगता येत नव्हतं. ती सांगितली माझ्या घरमालकांनी, आणि त्यांनी आयुष्यात व्हिडिओ गेम खेळलेला नव्हता.

२००४ साली मी कोट्टूरपुरमला एका घराच्या तळमजल्यावर राहत होतो. वर घरमालक, निवृत्त गृहस्थ, बुद्धिबळाचे वेडे. चेन्नईत असा माणूस भेटणं हे काही नवल नाही. भारताचा पहिला इंटरनॅशनल मास्टर मॅन्युएल आरन इथलाच. त्याने १९७२ मध्ये सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब सुरू केला आणि लहानगा विश्वनाथन आनंद तिथेच खेळायला जायचा. आमचे सारही त्या पिढीतले. एका रात्री लाइट गेली का बघायला खाली आले आणि माझ्या मॉनिटरपाशी थांबले. मी रिची स्ट्रीटवरून आणलेल्या जुन्या सीडीवरचा 'मास्टर ऑफ ओरायन' खेळत होतो. नकाशा जवळजवळ सगळा माझ्याच रंगाचा झालेला.

"तंबी, तू जिंकला आहेस ना?"

"हो सार, तासाभरापूर्वीच."

"मग समोरचा डाव का सोडत नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता हा गेम काय होता ते सांगतो. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या सिमटेक्स या छोट्या कंपनीत स्टीव्ह बार्सियाने तो रचला आणि १९९३ मध्ये मायक्रोप्रोजने बाजारात आणला. त्यावर लिहिताना अॅलन एमरिच या समीक्षकाने 'फोर-एक्स' हा शब्द काढला: शोध घ्या, पसरा, लुटा, संपवा. आजही या जातीच्या गेमना तेच नाव आहे. सुरुवातीला तुमच्याकडे एक ग्रह आणि दोन-चार जहाजं. मोठ्या नकाशावर १०८ तारे, आणि त्यातला जवळपास कुठलाच तुम्ही पाहिलेला नाही. एका ताऱ्याकडे जहाज पाठवायचं, चार-सहा चाली थांबायचं. तिथे सुपीक ग्रह निघेल, नुसता खडक निघेल, नाहीतर कुणीतरी आधीच येऊन बसलेलं असेल. पहिले दोन तास या गेमइतकं गुंतवून ठेवणारं मी दुसरं काही खेळलेलो नाही.

ही अनोळखी आकाशाची ओढ त्याहून जुनी आहे. १९८४ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' लिहिला, बीबीसी मायक्रोसाठी. मेमरी फक्त ३२ किलोबाइट, आणि तेवढ्यात आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ तारे. तारे साठवलेले नव्हतेच. एका आकड्यातून सूत्राने पुढचा आकडा काढायचा आणि त्यातून ताऱ्याचं नाव, जागा, राज्यव्यवस्था, बाजारभाव, सगळं. जाता जाता सांगतो, त्याच सुमारास केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून हेच बीबीसी मायक्रो आपल्याकडच्या शाळांत आले. म्हणजे यंत्र आपल्या पोरांसमोर होतं, आकाशगंगा नव्हत्या.

तर सारांचा प्रश्न. बुद्धिबळात हरणारा राजा आडवा करतो आणि उठतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये आमच्याच गावात जगज्जेतेपदाची लढत झाली. नवव्या डावात आनंदने २८वी खेळी घोड्याची केली, ती चुकली, कार्लसनने वजीर हलवला आणि आनंदने तिथेच डाव सोडला. पुढचं सगळं दोघांनाही दिसत होतं, मग खेळून दाखवायचं कुणाला? फोर-एक्स गेममध्ये मात्र समोर संगणक असतो आणि त्याला लाज नसते. चाळिसाव्या चालीला जिंकलेला डाव तुम्ही तीनशेव्या चालीपर्यंत ओढत बसता. सुरुवातीला एकेक ग्रह लाडका, त्याचं नाव पाठ. शेवटी साठ ग्रह, आणि प्रत्येकाला जहाजं, संरक्षण, उद्योग, प्रदूषण, संशोधन अशा पाच पट्ट्या सरकवायच्या. राजा म्हणून सुरुवात केली आणि कारकून होऊन बसलो. दिवसभर ऑफिसात तेच करून आलेल्या माणसाला हे जास्तच टोचतं.

रचणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. उलट या गेमचा पुढचा इतिहास म्हणजे या एका दुखण्यावरची औषधं. बार्सियाने स्वतःच एक दिलं होतं. आकाशगंगेचा बराच भाग वसला की दर पंचवीस वर्षांनी सगळ्या वंशांची परिषद भरते, लोकसंख्येनुसार मतं पडतात, आणि दोन तृतीयांश मिळाली की तुम्ही सम्राट. माझ्या मते हे आजवरचं सगळ्यात शहाणं औषध. त्या रात्री मला मतं कमी पडत होती, कारण सगळ्यांशी वाकडं घेतलेलं, म्हणजे दोष माझाच. २००३ च्या तिसऱ्या भागात दुसऱ्या टीमने उलटं टोक गाठलं. कारभार सुभेदारांवर सोपवला, ते तुमचे हुकूम परस्पर बदलायचे, आणि खेळणाऱ्याला वाटायचं की आपण नसलो तरी चाललं असतं. २०१६ च्या 'स्टेलारिस'मध्ये स्वीडिश कंपनीने शेवटाकडे एक महासंकटच सोडलं, सगळी आकाशगंगा गिळायला निघालेलं. मजा येते, पण तोवर संगणक इतका रडतखडत चालतो की संकट येईपर्यंत चहा करून होतो.

दुसरं घराणं या कचाट्यातून सुटलं, कारण त्याने साम्राज्यच टाकून दिलं. १९९२ चा 'स्टार कंट्रोल टू' घ्या. पॉल राइशे आणि फ्रेड फोर्ड यांनी शेकडो तारे दिले, पण जहाज एकच, आणि ज्याला त्याला भेटून बोलायचं. मागे घड्याळ चालू. फार रेंगाळलात तर एक वंश बाकीच्यांना एकामागून एक संपवायला निघतो. २००७ मध्ये कॅनडाच्या बायोवेअरचा 'मास इफेक्ट' आला आणि त्याने आणखी मोठं वचन दिलं: तुम्ही घेतलेले निर्णय पुढच्या दोन भागांत तुमच्याबरोबर येतील. कुणाला वाचवलंत, कुणाला मारलंत, सगळं सेव्ह फाइलमध्ये. मी विंडोजवर २००८ मध्ये पहिला भाग खेळलो, २०१२ मध्ये तिसरा संपवला. शेवट पाहून जगभर ओरड झाली ती तुम्हाला आठवत असेल. तीन गेमभर जमवलेले निर्णय, आणि शेवटी तीन रंगांतला एक निवडा. कंपनीला चार महिन्यांच्या आत वाढीव शेवट फुकट द्यावा लागला. माझंही डोकं फिरलं होतं. तरी शेवट फसला म्हणून मधली वर्षं फसली, असं मला अजूनही म्हणवत नाही.

हे किती खरं ते मला १ डिसेंबर २०१५ च्या रात्री कळलं. अडयार नदीचं पाणी कोट्टूरपुरमात शिरलं. आम्ही जिन्याने वर सारांकडे गेलो, खाली कपाट, गाद्या, सीपीयू, सगळं पाण्यात. माणसं वाचली, त्यामुळे गेमच्या फायलींबद्दल बोलायची तेव्हा लाज वाटली. त्या पुरात शेकडो लोक गेले होते.

पण महिन्या-दोन महिन्यांनी नवा संगणक आला तेव्हा एक गंमत झाली. 'मास्टर ऑफ ओरायन' त्याच रात्री सुरू केला आणि काहीच हरवलेलं नव्हतं. एक ग्रह, तीन जहाजं, अनोळखी आकाश. नंतर 'मास इफेक्ट टू' लावला. जुनी फाइल नसली की हा गेम पहिल्या भागातले निर्णय स्वतःच धरून चालतो, आणि त्याच्या हिशेबाने रेक्स मेलेला होता. वर्मायर ग्रहावर त्याच्या समोर बंदूक धरून उभा असताना मी ज्याला बोलून बोलून शांत केलं होतं, तो रेक्स. मी गेम बंद केला.

सारांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. आतून एक जुनी वही आणली, वरच्या मजल्यावर असल्याने कोरडी राहिलेली. ताल क्लबातले त्यांचे डाव, प्रत्येक खेळी पेन्सिलीने लिहिलेली, हरलेले डावसुद्धा. पट मांडून त्यांनी त्यातला एक मला पहिल्यापासून खेळून दाखवला. एकतिसाव्या खेळीला त्यांनी डाव सोडला होता.

पुढच्या रविवारी मी पहिला भाग पुन्हा सुरू केला, शेजारी दोनशे पानी वही घेऊन. तिच्यात एक ओळ अशी आहे: 'वर्मायर. रेक्सशी बोललो. जिवंत.'