परालीदहन व शासकीय उत्तरदायित्व (दिल्ली राजधानी क्षेत्र)

पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशात खरिपाचे भात कापल्यावर उरलेली धसकटे आणि पेंढा, म्हणजे पराली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेतातच पेटवण्याची पद्धत. वायव्येच्या वाऱ्याबरोबर हा धूर दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यात येतो आणि थंड, साचलेल्या हवेत अडकतो. दिल्लीच्या हवेत वर्षभर विष कालवणारी वाहने, धूळ, कारखाने व वीजकेंद्रे वेगळीच. परालीचा प्रश्न काही आठवड्यांचा. त्या आठवड्यांत मात्र तो मोठा असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या प्रणालीने नोव्हेंबर २०२४च्या आरंभी एका दिवशी परालीचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक दाखवला होता.

आग शेतकरी लावतो, पण ती लावण्याची वेळ त्याच्यावर सरकारी धोरणाने आणली आहे. हमीभावाने होणारी भाताची सरकारी खरेदी आणि पंजाबात १९९७पासून शेतीला मिळणारी मोफत वीज यांमुळे मूळच्या गहू-मका-कापसाच्या मुलखात भात पसरले व भूजल खोल गेले. उपाय म्हणून पंजाब व हरियाणाने २००९ साली भूजलरक्षणाचे कायदे केले आणि ठरलेल्या तारखेआधी भाताची लावणी करण्यास बंदी घातली. पंजाबात ही तारीख आधी १० जून होती. २०१४मध्ये ती १५ जूनवर गेली. लावणी लांबली तशी कापणीही लांबली, आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी रान मोकळे करायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. त्यात पुसा-४४ हा भाताचा दीर्घकाळ लोकप्रिय राहिलेला वाण तयार व्हायला पाच महिन्यांहून अधिक काळ घेतो. कंबाईन हार्वेस्टर वरच्या लोंब्या कापून पुढे जातो. मागे उभी ताठ धसकटे आणि त्यांच्या ओळींवर पडलेला पेंढा राहतो. त्यातून गहू पेरणाऱ्या हॅपी सीडरला जादा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. केंद्राने २०१८पासून यंत्रांवर वैयक्तिक शेतकऱ्याला ५० टक्के आणि सहकारी संस्थांना ८० टक्के अनुदान दिले. पण डिझेल, चालक आणि ऐन हंगामात यंत्राची वाट पाहणे हे लहान शेतकऱ्याच्याच माथी राहिले. पश्चिम महाराष्ट्रात उसाचे पाचट पेटवणाऱ्याला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

कायदेशीर लढ्याचे मूळ वकील एम. सी. मेहता यांच्या दिल्लीतील वायुप्रदूषणाबाबतच्या १९८५च्या याचिकेत आहे. तिच्याच ओघात १९९८ साली पर्यावरण प्रदूषण प्राधिकरण नेमले गेले. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५मध्ये पराली जाळणाऱ्यांना जमिनीच्या आकारानुसार २,५००, ५,००० व १५,००० रुपये भरपाईचा दंड ठरवला. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने हे आकडे दुप्पट केले. नोव्हेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पराली न जाळणाऱ्या लहान शेतकऱ्यांना क्विंटलमागे १०० रुपये देण्यास राज्यांना सांगितले होते. या प्रश्नावरचा हा सर्वांत समंजस आदेश; शिक्षेऐवजी खर्चाचा विचार करणारा.

ऑक्टोबर २०२०मध्ये न्यायालयाने न्या. मदन लोकूर यांची एकसदस्यीय समिती नेमली. केंद्राने कायदा आणण्याचे सांगताच ती स्थगित झाली आणि २८ ऑक्टोबरला वटहुकूम निघाला. त्यातून उभा राहिलेला वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोग २०२१च्या कायद्याने कायम झाला. त्याचे अधिकार राज्यांच्या प्रदूषण मंडळांहून वरचे आहेत. आदेश मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेतकरी आंदोलनातील वाटाघाटींनंतर शेतकऱ्यांना या शिक्षेतून वगळण्यात आले. म्हणजे हे कलम उरले ते उद्योग आणि कामचुकार अधिकाऱ्यांसाठी, आणि तिथेच ते वर्षानुवर्षे पडून राहिले.

सप्टेंबर २०२४मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने आयोगाला नेमके हेच विचारले. आयोगाच्या ऑगस्टमधील बैठकीला ११पैकी ५ सदस्यच हजर होते आणि आदेश मोडणाऱ्यांवर कारवाईची चर्चाही झाली नव्हती. ऑक्टोबरात पंजाब व हरियाणाच्या मुख्य सचिवांना न्यायालयात उभे राहावे लागले. त्याच सुमारास जिल्हाधिकाऱ्यांना अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार मिळाला. हरियाणाने कृषी खात्याचे २४ कर्मचारी निलंबित केले आणि पराली जाळणाऱ्याला दोन हंगाम मंडीत माल विकण्यास बंदी घातली. जबाबदारीची उतरंड अशी खालच्या पायरीवर येऊन थांबली. खरेदीचे, विजेचे व पाण्याचे धोरण ठरवणारी खाती चौकशीच्या बाहेरच राहिली. शहराची बाजूही याहून बरी नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या ११३ प्रवेशमार्गांपैकी जेमतेम १३ ठिकाणी सीसीटीव्ही असल्याचे न्यायालयासमोर आले, आणि ट्रकबंदी खरोखर पाळली जाते का हे पाहायला वकिलांना नाक्यांवर पाठवावे लागले. सप्टेंबर २०२५मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी काही शेतकऱ्यांना तुरुंगात का टाकू नये, अशी विचारणा पंजाबला केली.

सरकारी नोंदीनुसार पंजाबातील आगी २०२०मध्ये ८३,००२ होत्या, २०२२मध्ये ४९,९२२ आणि २०२४मध्ये १०,९०९. दिल्लीची हवा त्या प्रमाणात सुधारली नाही. मोजणी ज्या ध्रुवीय उपग्रहांवर चालते ते दुपारी दीडच्या सुमारास माथ्यावरून जातात. दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांत आगी त्यानंतर पेटताना दिसल्या, हे नासाचे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी दाखवून दिले. नोव्हेंबर २०२४मध्ये न्यायालयाने भूस्थिर उपग्रहांवरून दिवसभराची माहिती मिळवण्याची व्यवस्था करण्यास सांगितले.