घाटपायथ्याचे हसरे वाचन

देवगडच्या बंदराकडून निपाणीला जाणारी सडक सह्याद्रीची चढण चढण्यापूर्वी जेथे दम घेते, तेथे फोंडाघाट हे बाजाराचे गाव वसलेले आहे. खालचा मुलूख इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात आणि घाटमाथ्यावरचा कोल्हापूर संस्थानात, अशा सरहद्दीवर नांदलेल्या या गावावरून मीठ, सुकी मासळी व नारळ वर चढत गेले आणि गूळ व तंबाखू खाली उतरत आली. जकातीच्या वहीत पुस्तकांना रकाना नसतो. परंतु या मुलखात विरंगुळ्याचे वाचन कसे रुजले आणि लहानथोरांनी हसावे व हसता हसता ज्यांचे डोळे ओलावावेत अशा कथा मराठीत केव्हा अवतरल्या, हा इतिहास मालाच्या आवक-जावकीइतकाच जतन करण्याजोगा आहे.

त्याचा आरंभ हास्यात झाला नाही, नीतीत झाला. 1828 साली रत्नागिरीस ग्रंथालय स्थापन झाले आणि त्याच साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसापनीति’ ही पुस्तके प्रसिद्ध झाली. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी 1832 साली ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्राचा पाया घातला, आणि मुलांसाठीही त्यांनी लेखणी झिजविली ती बोधाच्या हेतूने. ज्या समाजात अक्षरओळख हीच दुर्मिळ होती, त्या समाजाने छापील पानाकडून प्रथम शहाणपणाची अपेक्षा करावी हे स्वाभाविक होते. कोल्ह्याच्या फजितीवर हसणाऱ्या बालकाला तात्पर्याची ओळ ओलांडल्याशिवाय पुढची गोष्ट मिळत नसे.

मनोरंजनाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे कार्य याच दक्षिण कोकणातील एका पुरुषाने केले, याचा येथील वाचकास अभिमान वाटावा. सावंतवाडी संस्थानातील आजगावचे काशीनाथ रघुनाथ आजगावकर, जे महाराष्ट्राला का. र. मित्र या नावाने ठाऊक आहेत, त्यांनी 1895 साली ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले आणि 1909 साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. फराळाच्या ताटाबरोबर घरात नवी कथा यावी, ही प्रथा तेथून दृढ झाली. दरम्यान 1902 साली ‘विविधज्ञानविस्तारा’त श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा पहिला विनोदी लेख आला होता, आणि 1910 साली त्यांचे ‘सुदाम्याचे पोहे’ ग्रंथरूप पावले. सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या या त्रयीने रूढींची जी झाडाझडती घेतली, तिच्यामुळे विनोद हे सुधारणेचे शस्त्र ठरले. कोल्हटकरांना गुरुस्थानी मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘बाळकरामा’ने तेच शस्त्र कल्पनाविलासाने अधिकच झळकविले. मात्र त्या हास्याचा पुरता आस्वाद घेण्यास शिक्षित व प्रौढ मन लागे. आजी आणि नातू एकाच ओळीला हसतील, असा विनोद अद्याप यावयाचा होता.

तो 1930 नंतरच्या दशकात आला. बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या चिंतामण विनायक जोशी यांनी 1932 साली ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि 1933 साली ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ प्रसिद्ध करून हास्याचा रोख बदलला. भित्रा, सरळमार्गी चिमणराव स्वतःच आपल्या फजितीची हकिकत सांगतो, धिप्पाड गुंड्याभाऊ त्याला संकटातून सोडविण्याच्या भरात दुसऱ्या संकटात लोटतो आणि काऊ, मोरू, मैना यांचा संसार या सर्व गोंधळातून अभंग राहतो. येथे कोणाचा उपहास नाही. वाचक चिमणरावाला हसतो तेव्हा आपल्याच काकाला, मेहुण्याला किंवा शेजाऱ्याला हसतो आणि म्हणूनच त्याच्यावर माया करतो. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’मध्ये हाच जिव्हाळा एका अनाथ, खोडकर व सत्यनिष्ठ मुलाच्या ठायी साकार केला.

नाशिकच्या तुरुंगात 1933 साली साने गुरुजींनी लिहिलेली ‘श्यामची आई’ केवळ अश्रूंची पोथी म्हणून ओळखली जाते, हा तिच्यावर अन्याय आहे. पोहण्याच्या भीतीने घरात दडून बसलेला श्याम, त्याला हुडकून शिंपटीने फोडीत विहिरीवर धाडणारी आई, आणि नंतर त्याच मुलाच्या अंगावरचे वळ पाहून गलबलणारे तिचे मन, हा प्रसंग पावसाळ्यात तुडुंब भरणाऱ्या विहिरींत पोहणे शिकलेल्या कोकणातील कोणत्याही मुलाला आधी खुदकन हसवितो आणि मग अंतर्मुख करतो.

ही पुस्तके घाटपायथ्याच्या मुलखात दोन्ही अंगांनी येऊ शकत. गणपतीला व शिमग्याला मुंबईहून बोटीने देवगडास उतरणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेत दिवाळी अंक असे, तर किर्लोस्करवाडीची मासिके देशावरून येत. पुस्तक एक आणि ऐकणारे अनेक, ही कोकणातल्या घरांची जुनी वहिवाट होती: पडवीत कंदिलाशी बसून शाळकरी मुलाने मोठ्याने वाचावे, आजीने सुपारी कातरता कातरता ऐकावे, कर्त्या पुरुषाने ऐकत नसल्याचे दाखवून नेमक्या जागी हसावे. वयानुसार पुस्तकांची वाटणी करण्याची चैन तेथे परवडणारी नव्हती, आणि माझ्या मते त्या टंचाईनेच सर्व वयांना सामावणाऱ्या लेखनाची खरी कसोटी घेतली.

पुढे तरतुदी वाढल्या. घाटमाथ्यावरच्या कोल्हापूर संस्थानाने 1945 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, महाराष्ट्र राज्याचा कायदा 1967 साली आला. लेखकही याच भूमीतून उदयास आले. देवगड तालुक्यातील धालवलीचे विंदा करंदीकर बालकांसाठी ‘राणीची बाग’ घेऊन आले. कणकवली तालुक्यातल्या करूळच्या मधु मंगेश कर्णिकांनी कोकणचा माणूस कथेत उभा केला. आणि आरवलीच्या जयवंत दळवींनी ‘सारे प्रवासी घडीचे’ या पुस्तकात आपल्या गावच्या तऱ्हेवाईक माणसांचा असा मेळा भरविला की, त्यांच्या इरसालपणावर हसणारा वाचक त्यांच्या मरणाच्या वार्तेने घरचे माणूस गेल्यासारखा हळहळतो.

म्हणून आज कोणी मला विचारील, तर माझी शिफारस अशी: अक्षरे गिरविणाऱ्यास विंदांच्या बालकविता ऐकवाव्यात, आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ‘गोट्या’ आणि त्यापुढे भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्यावा. मिसरूड फुटलेल्यास चिमणराव, संसारी माणसास कोल्हटकर, आणि परगावी स्थायिक झालेल्या, गावाची ओढ लागलेल्या प्रौढास दळवी द्यावेत. ‘श्यामची आई’ मात्र प्रत्येक वयात पुन्हा वाचावी. पण या यादीपेक्षा जुनी वहिवाट अधिक मोलाची आहे. जे पुस्तक तीन पिढ्यांसमोर मोठ्याने वाचता येते आणि तिन्ही पिढ्यांना हसविते, ते प्रथम निवडावे; कारण एकत्र हसलेल्या माणसांना एकमेकांची दुःखे समजून घेण्यास फार शब्द लागत नाहीत, आणि घरात हे सामर्थ्य निर्माण करणे हे वाङ्मयाच्या कार्यांतील एक श्रेष्ठ कार्य आहे.