भ्रंशालगतच्या भूकंपनाचे मापन : पार्कफील्ड ते कोयना

प्रस्तावना

भूकंपाचा हादरा भ्रंशालगत सर्वाधिक असतो व अंतरानुसार तो कमी होत जातो, हे गृहीतक बांधकामांच्या आराखड्यांना दीर्घकाळ आधारभूत राहिले. प्रत्यक्ष नोंदींनी या गृहीतकाला कोणत्या मर्यादा घातल्या, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

एकेका नोंदीचा काळ

जून १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड परिसरात सॅन अँड्रियास भ्रंशावर भूकंप झाला. भ्रंशापासून अवघ्या ८० मीटरवरील त्वरणमापकाने गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.५ पट क्षैतिज त्वरण नोंदविले. सुमारे १५ किलोमीटरवरील केंद्रावर ते ०.१ पटीहूनही कमी होते. गृहीतकाला यामुळे पुष्टीच मिळाली.

पुढील वर्षी, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे, कोयना परिसर हादरला. धरणाच्या गॅलरीतील उपकरणाने धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३ पट त्वरण नोंदविले. आराखड्यात धरलेला भूकंप-गुणांक मात्र केवळ ०.०५ होता. ही दोन परिमाणे सर्वस्वी तुलनीय नसली, तरी त्यांतील तफावत दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. धरणाच्या उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या व पुढे त्यांचे मजबुतीकरण करावे लागले. कोयनेचा हा आलेख जगभरातील धरण-अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय ठरला.

नोंदींच्या जाळ्याचा काळ

२८ सप्टेंबर २००४ रोजी पार्कफील्ड येथे पुन्हा ६.० परिमाणाचा भूकंप झाला. या वेळी तेथे उपकरणांचे दाट जाळे सज्ज होते. भंगलेल्या पट्ट्यालगतच कमाल त्वरण ०.१३ पटीपासून २.५ पटीहून अधिक इतके भिन्न आढळले. मोठी मूल्ये तीन भागांत एकवटली होती, तर भ्रंशाच्या अगदी लगतच्या काही केंद्रांवर हादरा तुलनेने सौम्य होता.

अशा भिन्नतेस अनेक कारणे संभवतात. भ्रंशाच्या पृष्ठावर खडकांचे सरकणे सर्वत्र सारखे नसते. भंग ज्या दिशेने पुढे जातो, त्या दिशेला ऊर्जा एकवटू शकते. भ्रंशपट्ट्यातील चुरडलेले खडक व त्यांवरील मृदा लहरींना कोठे वाढवितात, तर कोठे शोषून घेतात.

निष्कर्ष

एका उपकरणाची नोंद ही त्या स्थळाची साक्ष असते, संपूर्ण परिसराची नव्हे. कोयनेचा आलेखही याच मर्यादेत वाचला पाहिजे. धरणाच्या एका जागी काय घडले ते तो सांगतो. भोवतालच्या गावांतील हादऱ्याचे मोजमाप त्यातून मिळत नाही. म्हणूनच भ्रंशापासूनचे अंतर हा सुरक्षिततेचा एकमेव निकष मानता येत नाही आणि भ्रंशालगतच्या प्रदेशात उपकरणांचे दाट जाळे असणे अगत्याचे ठरते.