वैयक्तिक सर्वोत्तम वेळ

धावपटूने एखादे अंतर आजवर सर्वांत कमी वेळात पार केल्याची नोंद म्हणजे त्याची वैयक्तिक सर्वोत्तम वेळ. विजेतेपदाशी तिचा संबंध असतोच असे नाही. जानेवारी २०१५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये साताऱ्याच्या ललिता बाबर यांनी ४२.१९५ किलोमीटर २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत पूर्ण केले; जुना राष्ट्रीय विक्रमही मागे पडला. तरीही भारतीय महिलांत पहिल्या आल्या त्या २:३७:२९ वेळेत धावलेल्या ओ. पी. जैशा.

भंडाऱ्यासारख्या शहरातील स्थानिक दौडीत मात्र वेळेआधी अंतर तपासलेले बरे. वैनगंगेच्या खोऱ्यातील रस्ते बहुतांशी सपाट; पण दहाच्या नावाखाली साडेनऊच किलोमीटर भरले, तर वाचलेली दोन-तीन मिनिटे खोटी. म्हणूनच अधिकृत मार्ग मोजणीयंत्र बसविलेल्या सायकलने, वळणांच्या आतल्या कडेने मोजतात आणि किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात.