देवमाशाचे कुळ : वर्गीकरणातून वंशवृक्षाकडे

देवमासा हा मासा नव्हे, ही गोष्ट आज शालेय पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते व ती सहज पटण्यासारखीही आहे. भाषेने मात्र त्याला माशांच्या पंगतीतून अद्याप उठविलेले नाही. मराठीत त्याच्या नावातच मासा आहे. संस्कृतातील ‘तिमि’ हा शब्दही महाकाय मत्स्याचाच वाचक असून शास्त्रीय मराठीतील ‘तिमिगण’ ही संज्ञा त्यावरूनच सिद्ध झाली आहे. नाव आणि वर्ग यांतील ही विसंगती गमतीची म्हणून सोडून देता येईल. परंतु या प्राण्याला कोणत्या कोष्टकात घालावे, या प्रश्नाने प्राणिशास्त्राला सुमारे अडीचशे वर्षे गुंतवून ठेवले आणि त्या अवधीत खुद्द प्रश्नाचाच अर्थ पालटला. ‘हा प्राणी कोणासारखा आहे?’ याच्या जागी ‘हा प्राणी कोणाच्या वंशातला आहे?’ असे विचारले जाऊ लागले. हे दोन्ही प्रश्न वस्तुतः एकच आहेत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ते एक नाहीत, हे देवमाशाच्या प्रकरणात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

देवमासे व डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेतात, पिलांना जन्म देतात आणि त्यांना दूध पाजतात, ही निरीक्षणे ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच नोंदविली होती व या प्राण्यांना त्याने माशांपासून वेगळे मानले होते. तरीही १७३५ साली लिनीअसने ‘सिस्टेमा नॅच्युरी’ची पहिली आवृत्ति प्रसिद्ध केली तेव्हा देवमासे मत्स्यवर्गातच राहिले. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ‘सस्तन’ हा वर्गच नव्याने स्थापिला आणि त्यात चार प्रजातींचा एक गण करून देवमाशांना स्थान दिले. हा पालट मोठा होता. पण तो वंशाच्या कल्पनेतून झालेला नव्हता. लिनीअसच्या लेखी वर्गीकरण म्हणजे सृष्टिकर्त्याने घालून दिलेल्या व्यवस्थेचा शोध होय. त्या व्यवस्थेत जवळ असणे म्हणजे आराखड्यात जवळ असणे. जन्मसंबंधाचा तेथे प्रश्नच नव्हता. निवड करावयाची होती ती केवळ कोणत्या लक्षणांना अधिक वजन द्यावयाचे याची. आकार, परांसारखे अवयव आणि जलवास हे एका पारड्यात. फुप्फुसे, उष्ण रक्त आणि स्तन हे दुसऱ्यात.

हे वजन विद्वानांच्या दालनात मान्य झाले तरी बाजारात मान्य होण्यास बराच काळ लागला. १८१८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क शहरातील न्यायालयापुढे चाललेला मॉरिस विरुद्ध जड हा खटला या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. त्याच वर्षी झालेल्या एका कायद्यान्वये मत्स्यतेलाची सरकारी तपासणी करून तिचे शुल्क भरणे व्यापाऱ्यांवर बंधनकारक झाले होते. तपासनीस जेम्स मॉरिस यांनी सॅम्युएल जड या तेलव्यापाऱ्याकडे तीन पिंपांबद्दल मागणी केली. जड यांनी, आपला माल देवमाशाचा आहे, माशाचा नाही, असे म्हणून ती फेटाळली. जड यांच्या बाजूने साक्ष देण्यास सॅम्युएल लॅथम मिचिल हे त्या काळचे ख्यातनाम निसर्गशास्त्रज्ञ उभे राहिले. देवमासा हा माणसाइतकाच सस्तन आहे, या त्यांच्या प्रतिपादनाने पंचांचे समाधान झाले नाही. सुमारे पंधरा मिनिटांच्या विचारविनिमयानंतर पंचांनी मॉरिस यांच्या बाजूने, म्हणजे देवमासा हा मासाच होय या पक्षाने, निर्णय दिला. या निर्णयाला हसणे सोपे आहे. पण केवळ साम्य हाच निकष असेल तर पंचांना अगदीच निराधार म्हणता येईल काय? त्यांनी आपल्या दृष्टीला पडणारे साम्य मोजले. मिचिल यांनी शवविच्छेदनात दिसणारे साम्य मोजले. एक साम्य दुसऱ्याहून अधिक खरे का मानावे, याचे उत्तर १८१८ साली खुद्द शास्त्राजवळही नव्हते.

ते उत्तर वंशवृक्षाच्या कल्पनेने दिले. लामार्कने १८०९ च्या आपल्या ग्रंथात शाखांची एक आकृति काढून जलस्थलचर सस्तनांपासून देवमासे निघाल्याचे दाखविले होते. परंतु त्या आकृतीला वर्गीकरणाचे तत्त्व होण्याइतके बळ मिळाले नाही. डार्विनने १८३७ साली आपल्या टिपणवहीत शाखायुक्त वृक्षाचे एक ओबडधोबड रेखाटन केले व १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये एकमेव आकृति घातली, तीही अशाच वृक्षाची. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, निसर्गशास्त्रज्ञ ज्याला नैसर्गिक वर्गीकरण म्हणून शोधीत आले ते नकळत वंशावळच शोधीत होते. गण, कुल, प्रजाति ही नावे वस्तुतः पूर्वजांच्या अंतराची मापे होत. ज्या साम्याचे कारण समान पूर्वज आहे ते वर्गीकरणाच्या उपयोगी. ज्याचे कारण समान जीवनपद्धति आहे ते निरुपयोगी. देवमाशाचा मत्स्याकार या दुसऱ्या प्रकारात पडतो. मिचिल यांना जे सिद्ध करता आले नाही त्याला आता पाया मिळाला.

मात्र देवमासा सस्तनांपैकी आहे एवढे ठरल्याने तो सस्तनांच्या कोणत्या फांदीवर आहे हे ठरत नव्हते. डार्विनने पहिल्या आवृत्तीत, तोंड उघडे ठेवून तासन्‌तास पोहत कीटक टिपणाऱ्या अमेरिकेतील काळ्या अस्वलाचे उदाहरण देऊन, अशा प्राण्यापासून देवमाशासारखा प्राणी घडणे आपणास अशक्य वाटत नाही असे सुचविले होते. त्याची टीकाकारांनी इतकी थट्टा केली की, पुढील आवृत्तीतून ते वाक्य नाहीसे झाले. १८८३ साली विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी अस्वलाकडे पाठ फिरवून खुरी प्राण्यांकडे बोट दाखविले. अनेक कप्प्यांचे जठर, श्वसनेंद्रियांची व जननेंद्रियांची रचना यांवरून त्यांनी हे अनुमान बांधले. ‘पॉरपॉइज’ या नावाची व्युत्पत्ति पाहू गेल्यास ‘डुक्करमासा’ असाच अर्थ निघतो. लोकभाषेने येथे अजाणता अर्धे सत्य पकडले होते असे म्हणावयास हरकत नाही.

फ्लॉवर यांची सूचना पुढील साठ वर्षांत फारशी पुढे गेली नाही. १९४५ साली जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी सस्तनांचे जे बृहत् वर्गीकरण प्रसिद्ध केले त्यात तिमिगणासाठी एक स्वतंत्र विभागच राखून ठेवला. देवमाशाचे शरीर इतके पालटलेले आहे की त्याचे कोणाशी नाते जोडावे हे कळत नाही, अशी ती प्रामाणिक कबुली होती. परंतु कबुलीचे रूपांतर कोष्टकात झाले की वाचकाला ते ज्ञान वाटू लागते. नाते अज्ञात आहे आणि नाते दूरचे आहे, ही दोन विधाने वर्गीकरणाच्या तक्त्यात एकसारखीच दिसतात. पाचच वर्षांनी, १९५० मध्ये, ॲलन बॉयडन व डग्लस जेमेरॉय यांनी रक्तरसातील प्रथिनांच्या अवक्षेपणाचे प्रयोग करून देवमासे समखुरी प्राण्यांना, म्हणजे गाय, हरीण, उंट, डुक्कर यांच्या गणाला, सर्वांत जवळचे असल्याचे दाखविले. अस्थिशास्त्रज्ञांनी या निष्कर्षाला जवळजवळ बाजूलाच ठेवले. १९६६ साली ली व्हॅन व्हेलन यांनी दातांच्या आधारे मेसोनिक या लुप्त मांसाहारी प्राण्यांना देवमाशांचे पूर्वज ठरविले, आणि पुढील सुमारे तीस वर्षे हेच मत पाठ्यग्रंथांत नांदले.

त्याच १९६६ साली विली हेनिग यांचा वर्गीकरणतत्त्वावरील ग्रंथ इंग्रजीत आला. मूळ जर्मन ग्रंथ १९५० चा. त्याचा पहिला खर्डा हेनिग यांनी महायुद्धाच्या अखेरीस इटलीत युद्धकैदी असताना लिहिला होता. डार्विनने समान पूर्वजांपासून आलेल्या साम्याला महत्त्व दिले. हेनिग यांनी त्या साम्याचेही दोन भाग पाडले. काही लक्षणे दूरच्या पूर्वजापासून सर्वच शाखांना मिळालेली असतात, काही एका शाखेत नव्याने उद्भवलेली असतात. पहिल्या प्रकारची लक्षणे दोन प्राण्यांत आढळली तरी त्यावरून त्यांचे परस्परांशी विशेष नाते सिद्ध होत नाही. पाणघोडा आणि डुक्कर यांना पूर्वी एका उपगणात घालीत, ते पायाची चार बोटे, दाढांवरील बोथट उंचवटे, रवंथ न करणे अशा लक्षणांवरून. पण ही समखुरींची जुनीच मिळकत होती. दोघा भावंडांकडे पणजोबांच्या वेळची भांडी आहेत म्हणून, ती मोडीत काढलेल्या तिसऱ्या भावाला घराबाहेरचा म्हणता येत नाही. हेनिग यांचा दुसरा आग्रह असा की, ज्या गटात एका पूर्वजाचे सर्व वंशज येतात तोच गट खरा; त्यांतून एखादा फारच बदलला म्हणून त्याला वगळता येणार नाही. या आग्रहाची किंमत समखुरी गणाला पुढे द्यावी लागली.

१९९४ पासून जनुकीय अनुक्रमांच्या तुलनेतून येणारे निष्कर्ष एकाच दिशेने झुकू लागले. देवमासे समखुरींच्या केवळ जवळ नाहीत, तर त्यांच्या आत आहेत, असे त्यांत दिसले. अनुक्रमांच्या तुलनेला आक्षेप घेता येतो, कारण एकच बदल दोन शाखांत स्वतंत्रपणे होऊ शकतो. म्हणून नोरिहिरो ओकादा यांच्या जपानी गटाने १९९७ व १९९९ साली मांडलेला पुरावा विशेष मोलाचा ठरला. डीएनएचे काही आखूड तुकडे स्वतःची प्रत काढून गुणसूत्रात अन्यत्र शिरतात. अशी प्रत दोन प्राण्यांत नेमकी त्याच ठिकाणी स्वतंत्रपणे शिरणे जवळजवळ असंभाव्य होय. देवमासे, पाणघोडे व रवंथ करणारे प्राणी यांत अशा काही प्रती समान आढळल्या. उंट व डुक्कर यांत त्या नव्हत्या. आणखी काही प्रती केवळ पाणघोडा आणि देवमासा या दोघांतच सापडल्या. हेनिग यांना अभिप्रेत असलेले नवोद्भूत लक्षण याहून निर्मळ रूपात मिळणे कठीण.

अस्थींचा पुरावा या निष्कर्षाच्या विरुद्ध जात होता, आणि तो निकालात निघाला तो अस्थींनीच. आद्य देवमाशांचे जीवाश्म मुख्यतः भारत आणि पाकिस्तानात सापडतात. कच्छमधील इओसीनकालीन थरांतून अशोक सहानी व व्ही. पी. मिश्र यांनी १९७५ च्या प्रबंधात इंडोसीटस वर्णिला. १९८१ साली फिलिप गिंजरिच व डोनाल्ड रसेल यांनी पाकिस्तानातून पाकिसीटस प्रसिद्ध केला. या प्राण्यांच्या कवट्या हाती होत्या, पण घोट्याची हाडे निःसंशय त्यांचीच अशी मिळत नव्हती. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातील ॲस्ट्रॅगॅलस या हाडाला दोन्ही टोकांस कप्पीसारखी खाच असते. इतर कोणत्याही सस्तनात, मेसोनिकातही, ती तशी नसते. २००१ च्या सप्टेंबरात, एकाच आठवड्यात, गिंजरिच यांच्या गटाने आणि जे. जी. एम. थेविसेन यांच्या गटाने पाकिस्तानातील आद्य देवमाशांची घोट्याची हाडे प्रसिद्ध केली. दोन्हीकडे दुहेरी कप्पी होती. गिंजरिच हे तोपर्यंत मेसोनिकांच्या पक्षाचे. त्यांनी आपले मत सोडले. दीर्घकाळ जोपासलेले मत स्वतःच शोधलेल्या हाडासाठी सोडणे हे शास्त्राच्या इतिहासात वाटते तितके वारंवार घडत नाही.

उरलेली एक कडी काश्मीरमधून मिळाली. राजौरी भागातील कालाकोट येथून भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या जीवाश्मांतून १९७१ साली इंडोह्यूस हे नाव पुढे आले होते. त्यांनी जमविलेले पुष्कळसे दगड त्यांच्या हयातीत फोडून पाहिलेच गेले नाहीत. निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते थेविसेन यांच्या स्वाधीन केले. दगड साफ करताना निघालेल्या कवटीत मध्यकर्णाच्या अस्थिकोशाची आतली कड जाड झालेली आढळली. हे लक्षण तोवर केवळ देवमाशांचेच मानले जाई. २००७ साली थेविसेन, सुनील बाजपेयी प्रभृतींनी प्रसिद्ध केलेल्या वर्णनानुसार, सुमारे ४ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीचा हा लहानसा प्राणी रूपाने पिसोरी हरणाची आठवण करून देतो. परंतु त्याच्या पायांच्या हाडांची जाड भिंत पाण्यात वावरण्याची सवय सुचविते.

येथे वृक्ष वाचताना एक सावधगिरी अवश्य आहे. इंडोह्यूस देवमाशांचा पूर्वज नव्हे. तो ज्या कुलातला, ते कुल त्यांचे भगिनीकुल होय. पाणघोड्यापासून देवमासा झाला असेही कोणी म्हणत नाही. वृक्षावर फांद्यांची टोके असतात, आणि सामायिक पूर्वज हा टोकावर नव्हे तर सांध्यावर असतो. शिडीची जुनी कल्पना मनातून गेलेली नसली की वृक्षाची आकृति समोर ठेवूनही वाचक शिडीच वाचतो.

वर्गीकरणाची अडचण मात्र राहिली. देवमासे वगळून केलेला समखुरी गण हा हेनिग यांच्या कसोटीने गणच नव्हे, कारण पाणघोडा गायीपेक्षा देवमाशाला जवळचा आहे. १९९७ साली दोन्ही नावे जोडून ‘सीटार्टिओडॅक्टिला’ असे संयुक्त नाव सुचविले गेले व ते बरेच रुळले. त्यावर आक्षेप असा की, समखुरींत देवमासे समाविष्ट केले म्हणून नाव बदलण्याचे कारण नाही. पक्षी डायनोसॉरांत मोडतात असे ठरल्यावर डायनोसॉरांचे नाव कोणी बदलले नाही. हा आक्षेप अधिक सयुक्तिक दिसतो. खूर नाहीत म्हणून देवमाशाला समखुरी म्हणण्यास संकोचणे म्हणजे पुन्हा लक्षणांच्या कोष्टकाकडे परतणे होय.

आद्य देवमासे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे. पाणघोड्यांचे जीवाश्म मात्र २ कोटी वर्षांच्या पलीकडे जात नाहीत. भगिनीशाखा एकाच वेळी फुटतात, तेव्हा मधली सुमारे ३ कोटी वर्षे पाणघोड्यांचे पूर्वज कोठे होते, हा प्रश्न वंशवृक्षानेच निर्माण केला. केवळ कोष्टकाला तो कधी पडला नसता. केनियातील लोकोने येथे सापडलेला व २०१५ साली वर्णिलेला एपिरिजेनिस हा सुमारे २ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीचा प्राणी, अँथ्रॅकोथीर या लुप्त समखुरी कुलाशी पाणघोड्यांना जोडतो. त्यापलीकडे, या कुलाच्या आशियातील जुन्या शाखांपासून देवमाशांशी असलेल्या सांध्यापर्यंतचा मार्ग दाखविणारे जीवाश्म अद्याप हाती आलेले नाहीत.