पावलाखालचा आघात: तो मोजण्याचा इतिहास

१/ आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सोलापूर जिल्ह्यात वेळापूरनजीक आली, की उतारावर 'धावा' होतो. येथूनच तुकोबांना पंढरीचा कळस दिसला व ते धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. दोन आठवडे चाललेले पाय एकाएकी धावू लागतात. त्या पायांच्या हाडांवर किती भार येत असेल? #थ्रेड

२/ हा प्रश्न प्रथम सैन्यात उभा राहिला. १८५५ साली प्रशियाचे लष्करी वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले. कारण मात्र उमगले नाही. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि १८९७ मध्ये श्टेखो यांना अशा पावलांत तडकलेली हाडे दिसली. कोणताही मोठा मार न लागता, केवळ चालून!

३/ तोवर फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी पावलाची नोंद घेणारा बूट घडवला होता. तळव्याखाली हवेची रबरी पोकळी. पाऊल टेकले की दाबलेली हवा नळीवाटे धावणाऱ्याच्या हातातील यंत्रापर्यंत जाई आणि फिरत्या कागदावर रेघ उमटे. १८७३ च्या ग्रंथात त्यांनी हे प्रयोग मांडले.

४/ पुढे जमिनीत बसवलेली 'फोर्स प्लेट' आली. १९८० साली कॅव्हानॉ व लाफॉर्च्यून यांनी १७ धावपटू तपासले. पावलाखालचे कमाल बल सरासरीने शरीराच्या वजनाच्या सुमारे २.८ पट भरले. म्हणजे ६० किलोच्या धावपटूच्या एका पायावर क्षणभर सुमारे १६८ किलोंचा भार!

५/ आणि उतारावर? २००५ मध्ये गॉटशॉल व क्रॅम यांना ९ अंशांच्या उतारावर टेकतेवेळचा आघात सपाटीपेक्षा ५४ टक्के अधिक आढळला.

६/ मग आघात मोजला की दुखापतीचे भाकीत करता येते? तसे नाही. धावताना नडगीच्या हाडावरचा बहुतांश भार पोटरीच्या स्नायूंच्या ओढीमुळे येतो, आणि जमिनीतील यंत्राला तो थेट दिसत नाही. २०१९ च्या एका अभ्यासातही आघाताचे आकडे व हाडावरचा भार यांचा मेळ फारसा बसला नाही.

७/ शिवाय प्रश्न एका पावलाचा नाहीच. मीटरभराचे पाऊल धरले, तरी १० किलोमीटरमध्ये १०,००० पावले पडतात. प्रत्येक भाराने हाडाला सूक्ष्म इजा होऊ शकते. शरीर ती भरून काढते, पण त्यास अवधी लागतो. तो न मिळाला, की तडा वाढत जातो.

८/ म्हणून तरुण धावपटूंनो, हाडावर एकाच जागी रोज वाढणारी वेदना जिद्दीने दाबू नका. धाव थांबवा, वैद्यांना दाखवा. १८५५ च्या त्या सैनिकांना आपले हाड तडकले आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे.