एका टिंबाची कथा

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पेढीपेढीवर चोपड्या पुजल्या जातात. त्या चोपडीत एखादे टिंब घर चुकले, तर केवढा अनर्थ ओढवेल, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु हे टिंब आकड्यांत आले तरी कोठून?

स्थानमूल्याने संख्या मांडण्याची रीत भारताची. परार्धापर्यंतची स्थाने भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सांगितली आहेत. तीच रीत एकाहून लहान भागांना लावण्याची युक्ती युरोपात रुजवली ती सायमन स्टेव्हिनने. १५८५ साली त्याने एक छोटी पुस्तिका काढली आणि ती ज्योतिषी, मोजणीदार, व्यापारी अशा सर्वांना अर्पण केली. त्याच्यापाशी टिंब मात्र नव्हते. प्रत्येक अंकाजवळ तो वर्तुळ काढून त्यात स्थानाचा क्रमांक लिही. पुढे स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१७ च्या आपल्या ग्रंथात टिंब किंवा स्वल्पविराम यांतले कोणतेही चिन्ह चालेल, असे सांगितले. वादाचे बीज तेथेच पडले!

१६९८ साली लायब्निझने गुणाकारासाठी फुलीऐवजी टिंब सुचविले, कारण फुली 'एक्स' या अक्षरासारखी दिसे. एकच टिंब, आणि कामे दोन! अखेर इंग्लंडात दशांशाला टिंब राहिले, फ्रान्स-जर्मनीत स्वल्पविराम. आपल्याकडे टिंबच रुळले. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तेव्हा ते घरोघरच्या हिशेबात शिरले. आज '१.२३४' हा आकडा लंडनकराला सव्वाहून किंचित कमी वाटतो, तर बर्लिनकर तोच एक हजार दोनशे चौतीस असा वाचतो. २००३ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही मान्य केले. भांडण मिटले, घोटाळा मात्र राहिला.

माणूस मागचापुढचा संदर्भ पाहून अर्थ ताडतो. संगणकाला ते कोठून साधणार? त्याला पंचाईत आणखी एका अक्षराची. फार मोठ्या संख्या आटोपशीर लिहिण्यासाठी १९५६ च्या फोरट्रान भाषेत 'ई' अक्षर योजले गेले: '५.०ई३' म्हणजे पाच हजार. पुढे इतरांनीही ही सोय उचलली. २००४ साली संशोधकांनी दाखवून दिले की, हिशेबाच्या तक्त्यात '२३१०००९ई१३' असे जनुकसंग्रहातील एका नमुन्याचे नाव घातले, तर यंत्र ते नाव न मानता २३१०००९ वर तेरा शून्ये अशी अवाढव्य संख्या समजते, आणि मूळ नाव पुसले जाते ते कायमचे!

दोष यंत्राचा नव्हे. चिन्हाला अर्थ येतो तो माणसांच्या कराराने, आणि करार न सांगता काम सोपविले तर नोकर तरी काय करील? म्हणून आज्ञावली रचणाऱ्याने रकाना आखतानाच देशाची रीत ठरवावी, नावाला संख्या समजू नये, आणि शंका येताच मनाने अर्थ न लावता लिहिणाऱ्यालाच विचारावे. विचारण्यात क्षणच जातो. न विचारता पुसले गेलेले परत मिळत नाही.